एकेचाळीस नंबरच्या घराला चादरी

दवाखान्याच्या धुलाईघरात आम्ही नऊ जण. दूर कुठल्याशा देशात, समुद्रकाठच्या एका गावात लष्कराचा तळ होऊ घातलाय आणि गावकरी चार वर्षं त्याच्या फाटकासमोर ठाण मांडून बसलेत, हे आम्हांला संघटनेच्या ऑफिसातून कळलं. ऑफिसनं देशोदेशीच्या कामगारांना एकेक घर वाटून दिलं होतं. महिन्याला एक पत्र लिहायचं, त्या माणसांना एकटं वाटू द्यायचं नाही. आमच्या वाट्याला एकेचाळीस नंबर आला. तिथं एक विधवा बाई आणि तिचा मुलगा. मध्ये कोणीतरी भाषांतर करायचं, त्यामुळे तिचं प्रत्येक पत्र सरकारी नोटिशीसारखं वाटे. तरी तिचे दुखरे गुडघे त्यातूनही पोचायचे.

गेल्या खेपेला आम्ही तिला बारा चादरी पाठवल्या. वापरातून काढलेल्या, पण स्वच्छ, काठ दुमडून शिवलेल्या; फलक रंगवायला. कोपऱ्यातला 'बाद' हा शिक्का सुपरवायझरबाईंनी काढू दिला नाही. "उद्या कोणी म्हणेल, चोरून दिल्या."

मग तिचं पत्र आलं. जेवणाच्या सुट्टीत बॅरिस्टरनं ते वाचून दाखवलं. हा आमचा इस्त्रीवाला. कोर्टाची पायरी कधी चढला नाही, पण वादात कुणाला हार जायचा नाही.

"चादरी मिळाल्या. त्यापूर्वीच मी जमीन देण्याच्या कागदावर सही केली आहे. मुलाला तळावर नोकरी देणार आहेत. मी आता फाटकावर जात नाही. गावात माझ्याशी कोणी बोलत नाही. चादरी परत पाठवू का? यापुढे पत्र लिहू नये."

खाली ऑफिसची ओळ: घर बदलून हवे असल्यास आठवड्यात कळवा.

"घ्या!" बॅरिस्टर म्हणाला. "आपण इथं डोळे फोडून काठ शिवतोय, आणि ही बया तिकडं सही ठोकून मोकळी."

"पोरासाठी केलं असेल हो," सुपरवायझरबाई म्हणाल्या.

"पोरं काय तिला एकटीलाच आहेत? कळवा ऑफिसला. बेचाळीस नंबर द्या म्हणावं."

"भाजी आहे का ती, किडकी निघाली म्हणून बदलून घ्यायला?"

हे अक्का बोलली, म्हणून सगळ्यांनी माना वर केल्या. अक्का घड्या घालते आणि वादात पडत नाही. का पडत नाही तेही सगळ्यांना ठाऊक होतं. अकरा वर्षांपूर्वी आमचा संप झाला, तेव्हा नवव्या दिवशी ती कामावर आली. सासू अंथरुणाला खिळलेली, घरात दुसरं कमावतं कोणी नाही. ते तेव्हाही ठाऊक होतंच. संपानंतर आम्ही तिच्याशी बोलणं टाकलं. मोठ्या चादरीची घडी एकट्यानं होत नाही, दोन टोकांना दोन माणसं लागतात. अक्का एक टोक कपाटाच्या कडीत अडकवायची आणि दुसरं धरून मागं मागं जायची. आठ महिने. मग एके दिवशी मी कडीतलं टोक सोडवून हातात घेतलं. दया-बिया काही नाही. ढीग माझ्या टेबलावर यायला लागला होता. त्या दिवशी आमचं बोलणं झालं ते एवढंच. "ओढ." "ओढते."

"मग तुझं म्हणणं काय?" मी विचारलं.

"चादरी परत नकोत. दुसऱ्या कुणाच्या हाती द्यायलाही सांगू नका. तिनंच फाटकावर न्याव्यात."

"हाकलतील तिला," बॅरिस्टर म्हणाला.

"हाकलतीलच."

"आणि सही?"

"सहीचं तिचं ती बघेल. मी तिची वकिली करत नाही. ते खातं तुझं."

हात वर करून मतं घेतली. पाच विरुद्ध चार. पत्र अक्कानं लिहिलं. सही केलीस ते बरं केलंस असं त्यात नव्हतं, वाईट केलंस असंही नव्हतं.

"बाई, चादरी स्वतः न्या. सकाळी न्या, माणसं असताना. कोणी घेतल्या नाहीत तर घरी आणा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा न्या. मी संपात कामावर गेले होते. अजूनही एक जण माझ्या डब्यातलं खात नाही."

बॅरिस्टरनं वाचलं. तो एक जण म्हणजे तोच.

"हे शेवटचं काढून टाक."

"का? खोटं आहे?"

त्यानं पत्र दोनदा उलटसुलट केलं, पाकिटात घातलं आणि पाकीट चिकटवलं.

दोन महिने काही आलं नाही. सुपरवायझरबाई म्हणाल्या, संपलं. मग आलं.

"गेले. दोन दिवस कोणी घेतल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी एका म्हातारीने एक घेतली, बसायला. नंतर बाकीच्या गेल्या. सही मागे घेण्याचा अर्ज केला आहे. कचेरीत म्हणतात, उपयोग नाही. मुलगा घरात जेवत नाही. फलक धुण्याचे काम मला दिले आहे. बोलत अजून दोघीच आहेत. खाऱ्या वाऱ्याने कापड ताठ होते आणि खिळ्यांच्या गंजाचे डाग पडतात. डागांवर तुम्ही काय घालता?"

सगळे एकदम बोलायला लागले. कोणी लिंबू म्हणालं, कोणी व्हिनेगर. सुपरवायझरबाईंनी पावडरीचं नाव सांगितलं, जी तिकडं मिळते की नाही देव जाणे.

"आधी गार पाणी," अक्का म्हणाली. "दोनदा. गरम पाण्यानं गंज पक्का बसतो."

"मग लिंबू," बॅरिस्टर म्हणाला.

"मग लिंबू. आणि वाळवायचं सावलीत नाही, उन्हात. लिही. तुझं अक्षर बरं आहे."

बॅरिस्टरनं हात पुसले आणि कागद पुढं ओढला.