दोन खळगे, एक काडी

मित्रांनो, मी शाळेच्या प्रयोगशाळेतली एक जुनी टाइल आहे. टाइल म्हटलं की तुम्ही पायाखाली बघाल, पण माझी जागा टेबलावर. चिनी मातीची, पांढरी, तळहाताहून थोडी मोठी, आणि अंगावर खळग्यांच्या ओळी. या खळग्यांत रक्ताचा थेंब घालून माणसाचा रक्तगट बघतात. आता माझा एक कोपरा उडाला आहे, चकाकी गेली आहे, आणि खरं सांगायचं तर मी फार दमले आहे.

माझा जन्म भट्टीतला. ओली माती साच्यात दाबली, वाळवली, भाजली, वर मुलामा चढवून पुन्हा भाजली. शाळेत आले तेव्हा माझं केवढं कौतुक झालं! तपासणीला आलेल्या साहेबांनी मला उजेडात धरून पाहिलं होतं. पुढे नवलाई सरली. चित्रकलेच्या सरांनी माझ्यात रंग कालवले, कुणी उडणाऱ्या कागदांवर मला ठेवलं. एक उन्हाळा तर मी कपाटाच्या डुगडुगत्या पायाखाली काढला. तिथून विज्ञानाच्या बाईंनी मला सोडवलं. वापर असो नसो, सकाळी आल्या की त्या आधी मला धुवायच्या, मग हजेरी घ्यायच्या. त्यांनी तो नेम कधी मोडला नाही.

बाई रक्तगट शिकवायच्या तेव्हा वर्ग एकदम गप्प असायचा. निळ्या बाटलीतल्या औषधाचा थेंब एका खळग्यात, पिवळ्या बाटलीतला शेजारच्या खळग्यात, आणि दोन्हींत बोटाचं रक्त. निळ्यात रक्ताच्या गुठळ्या झाल्या तर गट ए, पिवळ्यात झाल्या तर बी, दोन्हींत झाल्या तर एबी, कुठेच नाही तर ओ. प्रत्येकाला नवी सुई आणि प्रत्येक खळग्याला वेगळी काडी, हे बाई इतक्यांदा सांगायच्या की मुलं मागून चिडवायची, बाई घरी चहातली साखर ढवळायला एक चमचा घेत असतील आणि दूध ढवळायला दुसरा.

एके दिवशी सकाळी सगळ्या वर्गाचे गट पाहून झाले. बाईंनी फळ्यावर गटांखाली नावं लिहिली. ए खाली लांबलचक रांग झाली. एबी खाली एकच नाव होतं, एका उंच, किडकिडीत, कमी बोलणाऱ्या मुलीचं. वर्ग तिला पेन्सिल म्हणायचा. फळ्यावर आपलं नाव असं एकटं पाहून ती जरा लाजून हसली.

मधल्या सुट्टीत प्रयोगशाळेतली माशांची काचपेटी फुटली. मी तेव्हा बेसिनशेजारी पालथी वाळत होते, मला फक्त आवाज आला. मासे वाचले नाहीत. एका काचेच्या तुकड्यावर ताजं रक्त होतं, पण बोटं बघून उपयोग नव्हता, कारण सकाळपासून सगळ्यांच्याच बोटांना पट्ट्या होत्या.

बाई मुख्याध्यापकांना सांगायला गेल्या. तेवढ्यात एका मुलाने मला उचललं. कुणाचं काही हरवलं की चौकशीला हा पुढे, म्हणून त्याला सगळे हवालदार म्हणायचे. त्याने माझ्या दोन खळग्यांत निळं नि पिवळं औषध टाकलं, त्यांत काचेवरचं रक्त घातलं आणि ढवळलं. गुठळ्या दोन्हींत झाल्या.

“एबी,” तो म्हणाला.

सगळा वर्ग पेन्सिलकडे वळला. माशांना खायला घालायचं काम तिचंच होतं, याचीही कुणीतरी आठवण करून दिली. मी नाही केलं, असं ती एकदा म्हणाली. मागून कुणी म्हणालं, आवाजसुद्धा पेन्सिलीचाच, पुसट. तिच्या शेजारणीने आपलं दप्तर हळूच पलीकडे सरकवलं. आता माशांचं काम तर जाणारच होतं, पण त्या दिवसापासून त्या मुलीला वर्गात काय नाव पडणार, हे तिच्या तोंडाकडे बघून मला कळत होतं. चूक कुठे झाली ते मी अंगावर अनुभवलं होतं. पण मला वाचा कुठे?

बाई परत आल्या. रागावल्या नाहीत. माझ्याकडे पाहिलं, मग टेबलाकडे.

“काड्या कुठे आहेत?”

हवालदाराने काडी दाखवली.

“दुसरी?”

“दुसरी कशाला, बाई? रक्त एकाचंच होतं.”

बाई खुर्चीत बसल्या. निळ्या खळग्यातली काडी पिवळ्यात घातलीस, तिच्याबरोबर निळं औषधही गेलं, म्हणून तिथेही गुठळ्या झाल्या, असं त्यांनी सावकाश समजावलं. दुसऱ्याच्या रक्ताला असा हात लावायचा नसतो, हेही बजावलं. मग हातमोजे घालून त्यांनी त्याच तुकड्यावरचं उरलेलं रक्त माझ्या कोऱ्या खळग्यांत घेतलं आणि दोन काड्यांनी ढवळलं. निळ्यात गुठळ्या झाल्या. पिवळं तसंच राहिलं.

गट ए होता. फळ्यावरच्या त्या लांबलचक रांगेत पहिलंच नाव हवालदाराचं. मागून कुणी म्हणालं, साहेब, आता स्वतःलाच पकडा. सगळे हसले, आणि लगेच रांगेतली नावं पुन्हा वाचू लागले. मघाशी पेन्सिलकडे बघणारे डोळे आता एकमेकांकडे बघत होते.

“अरे, रक्तगट ‘हा नव्हे’ एवढंच सांगतो,” बाई थकून म्हणाल्या. “‘हाच’ असं तो सांगत नाही. आणि या खोलीत दुसऱ्या वर्गांची मुलंही येतात.”

पण कुजबुज थांबेना. तेव्हा पेन्सिल उठून टेबलापाशी आली. माझी माफी मागा, असं ती म्हणेल असं मला वाटलं.

“बाई, टाइल धुऊन टाकू?”

“अगं, पुरावा आहे तो,” हवालदार म्हणाला.

“म्हणूनच.”

बाईंनी मान हलवली आणि तिला मोजे दिले. तिने नळ सोडला आणि एकेक खळगा घासून काढला. एवढ्या वर्षांत मला खूप हातांनी धुतलं, पण इतक्या जपून कुणी नाही. पेटी कुणी फोडली, हे मला आजही माहीत नाही.

मित्रांनो, माझं आता फार उरलेलं नाही. एवढंच मागते, मला वापराल तेव्हा मागचा कण माझ्यात राहू देऊ नका. आणि कुणाकडे बोट दाखवायची वेळ आली, तर दुसरी काडी घ्यायचा कंटाळा करू नका. तेवढ्यासाठी मी दमलेली असले तरी पुन्हा टेबलावर येईन.