लुगड्याच्या चिंधीची मूठ

मित्रांनो, मी एक जुनी सुई आहे. पण मला कापडावर चालवू नका, फाटेल. मी वीतभर लांब, बांबूची, मासे धरायची जाळी विणणारी सुई. मुंबईच्या एका इस्पितळात कपाटाच्या खालच्या खणात पडून असते. माझी गोष्ट कोणाला ऐकावीशी वाटेल की नाही, कोण जाणे. तरी सांगते.

काशीदच्या दादू कोळ्याने मला तासले. पावसाळ्यात होड्या वर ओढल्या की तो पडवीत जाळी विणायचा आणि मी त्याच्या बोटांतून मासोळीसारखी पळायची. १९५८ साली होडीचा दोर त्याच्या उजव्या मनगटाला आवळला. जखम भरली, पण बोटे मिटेनात. नारळी पौर्णिमेला होडी निघेल, तेव्हा आपली जागा दुसऱ्याला जाईल, हीच त्याला धास्ती.

याच इस्पितळात त्याला कोकिळा भेटली. ती तळा गावच्या शेतकऱ्याची मुलगी. बी.एस्सी. होऊन ती पुढे ऑक्युपेशनल थेरपी शिकत होती. रोग्याच्या ओळखीच्या कामातूनच त्याचा हात पुन्हा चालता करायचा, अशी ती नवी विद्या. गावी लोक हसत, "एवढी शिकून टोपल्या विणायला लावते म्हणे!" वसतिगृहात ती बहुधा एकटीच जेवायची.

दादूच्या बायकोकडून, बायजाकडून, तिने मला मागवून घेतले. "बारीक मूठ धरवत नाही ना, दादूभाऊ? मग सुईच जाड करू," म्हणत तिने माझ्याभोवती जुन्या लुगड्याची चिंधी गुंडाळली. बोटे मिटू लागतील तसा एकेक वेढा काढायचा.

सकाळभर घाम गाळून दादूच्या हातून दोनतीन वेड्यावाकड्या गाठी होत. कोकिळेला ते बघवेना. तिने गाठ शिकून घेतली आणि दादू खाटेवर परतला की ती गुपचूप एक ओळ विणून ठेवी. त्याला धीर यावा, एवढाच तिचा हेतू होता.

एके दिवशी बायजा आली. वाढलेले जाळे बघून ती हरखली. "अवो, हात बरा झाला की तुमचा! होडीवाल्याला सांगू ना?"

"सांग," दादू म्हणाला. "पन बाईंनापन होडीत घ्यायला सांग. जाळं त्यांनीच विनलंय. मी नुसता बसलो हाय."

त्याने मला खाली ठेवले. नंतर कित्येक दिवस त्याने मला हात लावला नाही. नारळी पौर्णिमेला होडी त्याच्याविना गेली.

मग एका सकाळी कोकिळा त्याच्यासमोर बसली आणि आपली प्रत्येक गाठ सोडवू लागली. शेवटी त्याच्या वाकड्या गाठींचे बोटभर जाळे उरले. "एवढंच तुमचं आहे," ती हळूच म्हणाली, "पण तुमचं आहे."

दादूने मला उचलले. सूत निसटले. कोकिळेचा हात पुढे आला, आणि तिनेच तो मागे घेऊन पदरात गुंडाळला. फार वेळाने गाठ बसली.

चिंधीचे वेढे उतरत गेले. घरी जाताना दादू म्हणाला, "बाई, ही तुमच्याकडंच ठेवा. मी नवी तासतो." पुढच्या वर्षी बायजा सुकट घेऊन आली. दादू पुन्हा होडीवर गेला होता.

कोकिळा शिकून दुसरीकडे गेली. आता कधीमधी कोणी मला घेऊन रंग ढवळतो. एक वेढा मात्र अजून अंगावर आहे. दादूची बोटे तिथेच असत.

मित्रांनो, एखाद्याचा हात मंद चालत असेल, तर त्याच्याजवळ बसा. त्याची गाठ मात्र त्यालाच मारू द्या.