तीन नंबरची तार

“किल्ली द्या, बाई. दोन नंबरच्या फ्रिजमधला साठा नष्ट करायचाय आणि तीनमधला गाडीत भरायचाय.” अधिकाऱ्यांनी पडद्यावरची नजर न काढता हात पुढे केला.

लसभांडार सांभाळणाऱ्या बाईंनी किल्ली दिली नाही. सव्वीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी वरिष्ठांना नाकारलेली ही पहिलीच वस्तू.

“साहेब, दोनला मी सकाळी हात लावला. चांगला गार आहे. तीन कोमट लागतोय.”

“तुमचा हात कोमट असेल. इथं स्पष्ट दिसतंय. फ्रिज तीन, चार अंश; फ्रिज दोन, चौदा अंश. कालपासून.”

दिसत तर होतेच. चार फ्रिज, त्यांत चार तापमापके, चार यूएसबी तारा आणि एक संगणक. तापमापके इतकी स्वस्त की चारींच्या पोटात अनुक्रमांक एकच. त्यामुळे संगणक यंत्राला ओळखत नव्हता, तार ज्या भोकात असेल त्या भोकाला ओळखत होता. एका भोकाचे नाव कॉम सात, शेजारच्याचे कॉम आठ. सात म्हणजे फ्रिज दोन आणि आठ म्हणजे फ्रिज तीन, असे बसवणाऱ्याने एकदा ठरवून दिले आणि तो गेला. परवा रंगाऱ्यांनी टेबल सरकवताना तारा उपटल्या आणि हाताला लागतील त्या भोकांत पुन्हा खोचल्या. खुर्चीत बसेल तो साहेब, या तत्त्वावर चालणाऱ्या कार्यालयात संगणकाच्या या समजुतीचे कोणाला नवल वाटण्याचे कारण नव्हते.

चालकाने दारातून डोकावले. “बाई, निघू का? तिकडं पोरं बाह्या सरसावून बसलीत.”

“बसू देत. खराब लस टोचून घेण्यापेक्षा बरं.”

“गाडी थांबली तर जबाबदारी तुमची,” अधिकारी म्हणाले.

“माझीच. पण हे चोर सोडून संन्याशाला फाशी होतंय, साहेब. तुम्ही नुसतं पडद्याकडं बघत राहा.”

बाई तीन नंबरच्या फ्रिजपाशी वाकल्या. तेथून निघालेली तार चिमटीत धरून, तिच्यावरून बोटे सरकवत त्या संगणकापर्यंत आल्या आणि ती त्यांनी उपटली. पडद्यावर फ्रिज तीनचे चार अंश जागच्या जागी राहिले. फ्रिज दोनची ओळ विझली.

अधिकारी पडद्यावर वाकून विझलेली ओळ पुन्हा पुन्हा तपासत राहिले. मग म्हणाले, “परत लावा.”

बाईंनी लावली. चौदा अंश परतले, पुन्हा दोनच्याच नावाखाली.

“तीन सोडून बाकीचं भरा,” अधिकारी चालकाला म्हणाले. जणू सकाळपासून ते हेच सांगत होते.

दुपारी वर गेलेल्या अहवालात अधिकाऱ्यांच्या दक्षतेमुळे नऊशे बालकांवरचा धोका टळल्याची नोंद होती. बाईंचा उल्लेख तेथे नव्हता. त्यांच्यासाठी स्वतंत्र कागद काढण्याचा मोठेपणा कार्यालयाने दाखवला. फ्रिज क्रमांक २ च्या तापमापकाची तार विनापरवानगी काढून नोंदीत चार मिनिटांचा खंड पाडल्याबद्दल खुलासा करावा. पुरावा : संगणकातील नोंद.

कागद आणणारा शिपाई जुना, आपुलकीचा. तो हळूच म्हणाला, “बाई, निवृत्तीला पाच महिने राहिलेत. लिहून टाका, दोनच्या तारेला मी हातच लावला नाही. खोटंही नाही, आणि सुटाल.”

“खरंय,” बाई म्हणाल्या.

त्यांनी पेन उघडले, कागदावरच्या दोनच्या आकड्यावर आडवी रेघ ओढली, वर तीन लिहिले आणि खाली सही केली.