वाघिणीची ढकलगाडी

मित्रांनो, ज्याने मला पायांऐवजी चाकं दिली त्या देवाला आधी नमस्कार करते आणि मग माझी हकिगत सांगते. मी एक जुनी ढकलगाडी आहे. दवाखान्यांच्या चादरी धुणाऱ्या एका मोठ्या धुलाईघरात ओल्या कपड्यांचे ढीग वाहण्यात माझा जन्म गेला.

मला एका लोहाराने घडवलं. हिरवा रंग देऊन झाल्यावर तो दोन पावलं मागे सरला आणि म्हणाला, "ही घोड्याचं काम करील." मी केवढी फुगले! पण गर्वाचं घर खाली. पहिल्याच दिवशी ओल्या चादरींचं ओझं अंगावर पडलं आणि माझी हाडं करकरली. यंत्रांच्या खोलीतून मागच्या अंगणातल्या दोऱ्यांपर्यंत मला एकटीने हलवणं कुणालाच जमत नसे. एकीने पुढून ओढायचं, दुसरीने मागून ढकलायचं, असा तिथला शिरस्ता होता.

त्या बायका दाही दिशांनी त्या शहरात आलेल्या. घरी प्रत्येकीची बोली निराळी, प्रार्थना निराळी, रुमाल बांधायची तऱ्हासुद्धा निराळी. कामावर सगळ्यांची मिळून एक मोडकीतोडकी भाषा होती. तीत व्याकरण कमी आणि टोमणे जास्त. इथलं काम आटोपलं की कुणी जिने पुसायला जाई, कुणी दुसऱ्यांची मुलं सांभाळायला. मी त्यांना तोंडापेक्षा हातांवरून जास्त ओळखत असे. कितीही दमलेला असला तरी माझ्या दांड्याला चुकूनही हिसका न देणारा हात मी पाहिला आहे. असे हात घडवताना परमेश्वराने घाई केलेली नसणार.

त्यांत एक होती वाघीण. एकदा वाफेच्या नळाजवळ एक नवी मुलगी भाजता भाजता वाचली, तेव्हा हिने सगळी यंत्रं बंद करायला लावली आणि नळ दुरुस्त होईपर्यंत कुणाला हलू दिलं नाही. कामावर देखरेख करणाऱ्या खुद्द मुकादमबाईंनीही माघार घेतली. तेव्हापासून ती वाघीण. लेकीला एकटीने वाढवत होती, आणि माझा मागचा दांडा कायम तिच्याकडे होता.

पुढे काय झालं ते ऐका. एका हिवाळ्यात तिचे हात बदलले. तळव्यांना घाम, बोटं गार. भरलेली गाडी अंगणाच्या उंबऱ्याशी आली की ती तिथेच थबके, जणू पुढे दरी आहे. डबा न उघडता घरी नेई. पुढून ओढणारी फटाकडी, नावाप्रमाणेच तोंडाने तडतडणारी, मागे वळून म्हणे, "अगं वाघीण, झोपलीस का? गाडी ढकल, मला ढकलू नकोस!" पूर्वी अशा बोलण्याला दुप्पट उत्तर मिळे. आता मिळेना.

वाघिणीला काय होणार, असं सगळ्या म्हणत. तरी मायेच्या बायका त्या. त्यांनी आपसांत ठरवलं की मुकादमबाईंच्या नजरेत येण्याआधी हिचं काम आपण वाटून घ्यायचं. माझा दांडा तिच्या हातातून काढून घेतला. चादरी झटकायला दुसरी, वाळत घालायला तिसरी. "तू बस गं, आम्ही आहोत ना," म्हणत तिला कोपऱ्यातल्या स्टुलावर बसवलं. हेतू सोन्यासारखा, पण गड्यांनो, दिव्याला वारा लागू नये म्हणून वर भांडं पालथं घातलं तर दिव्याचं काय होतं?

एका दुपारी मी अंगणात उभी होते. वाघीण हळूच आली आणि ओल्या चादरींच्या दोन रांगांमध्ये माझ्या आडोशाला बसली. छातीवर हात, श्वास अर्धाच. दांडा तिने असा धरला की माझा रंग निघाला. फटाकडी कपड्यांचे चिमटे घ्यायला आली आणि ते पाहून तिथेच तिच्याशेजारी टेकली.

"काय होतंय गं? पाणी आणू?"

"मी मरतेय बहुतेक. नाहीतर वेड लागतंय." वाघीण तुटक तुटक बोलत होती. "कुणाला सांगू नकोस. वेडी म्हणतील, कामावरून काढतील, पोरीला माझ्यापासून दूर नेतील. तशी माझ्यावाचून अडतं कुणाचं? बघ ना, सगळं चाललंय की माझ्याशिवाय."

फटाकडीने तिला सोडलं नाही. तिथूनच हाक मारून आजीला बोलावलं. आजी म्हणजे आमच्यातली सर्वांत वडील. गुडघ्यांच्या दवाखान्यात तिची नेहमी फेरी असे. ती येऊन ओल्या फरशीवर बसली, वाघिणीचा हात आपल्या मांडीवर घेतला आणि तिचा श्वास सावरेपर्यंत तो चोळत राहिली. मग म्हणाली, "पोरी, माझे गुडघे ठणठणीत आहेत."

"काय?" फटाकडी ओरडली. "आणि आम्ही तुला वजन उचलू देत नव्हतो!"

"ते बरंच होतं. मी कशाला सांगू?" आजी म्हणाली. "मी जाते ती मनाच्या डॉक्टरीणबाईकडे. घरचे मालक वारल्यावर मलाही असंच व्हायचं. आमच्या बोलीत या दुखण्याला नावच नाही, म्हणून गुडघे म्हणायचे. वेड नाही गं हे. दुखणं आहे. औषध आहे, बोलणं आहे. उद्या माझ्याबरोबर चल."

"आणि मुकादमबाई?"

"त्यांना मी सांगते," फटाकडी म्हणाली.

"नको बाई!" दोघी एकदम म्हणाल्या. शेवटी वाघीण स्वतः गेली. आजी तिच्या मागे, दारापर्यंत. मुकादमबाईंनी ऐकून घेतलं, चष्मा पुसला, आणि म्हणाल्या, "मला वाटलं, कामाचा कंटाळा आला. आधी बोलायचं नाही का? जा, दुपारची सुट्टी घे. काम कुठे जात नाही तुझं."

डॉक्टरीणबाईंनी गोळ्या दिल्या आणि तिचं पुष्कळ ऐकून घेतलं. सोबत आलेल्यांनाही एक सांगितलं: हिच्या हातचं सगळं काम काढून घेऊ नका, पेलेल तेवढं ठेवा आणि शेजारी उभ्या राहा. दुसऱ्याच दिवशी मागचा दांडा तिच्या हाती आला, अर्धीच भरलेली गाडी, बाजूला आणखी एक जण.

एका रात्रीत पाप धुऊन निघावं तशी ती बरी झाली, असं सांगितलं तर ते खोटं होईल. काही दिवस पुन्हा घामाचे आले. एकदा तिने गोळ्या परस्पर सोडल्या आणि आजीची बोलणी खाल्ली. पण डॉक्टरीणबाईंकडे जाणं तिने थांबवलं नाही. मित्रांनो, मी लोखंडाची आहे, मला धैर्याचं कौतुक फारसं वाटत नाही. पण सकाळी उठवत नसताना उठून, लेकीची वेणी घालून कामावर येणाऱ्या त्या बाईपुढे मी मनातल्या मनात हात जोडले आहेत.

पुढे हलक्या, चकचकीत गाड्या आल्या. मला अंगणातल्या भिंतीला टेकवलं गेलं. पावसाने गंजले, रंग उडाला. मग बायकांनी माझ्यावर एक फळी टाकली आणि मी झाले त्यांचं सुट्टीतलं बसायचं ठिकाण. आता तिथे त्या एकमेकींना मनाची तब्येत विचारतात, गुडघ्यांची नव्हे.

परवा एक नवी बाई आली. तिची बोली तिथे कुणालाच येत नव्हती. डबा मांडीवर, झाकण बंद. फटाकडी तिचा डबा उघडून घास भरवायलाच निघाली होती. वाघिणीने तिला थांबवलं. ती त्या बाईशेजारी बसली, आपला डबा उघडला, आणि जेवायला सुरुवात न करता बसून राहिली.

मित्रांनो, तुमच्या घरी आई असेल, मावशी असेल, जिन्यात भेटणारी शेजारीण असेल. ती गप्प झाली तर तिला आळशी म्हणू नका, वेडी म्हणू नका, आणि मायेपोटी तिला कोपऱ्यातही बसवू नका. मोठ्या माणसांना सांगा, डॉक्टरांकडे जायला तिला सोबत मिळवून द्या. आणि तोवर तिच्याजवळ बसा.

त्या दिवशी सुट्टी संपत आली, आजी दोनदा खाकरली, तरी वाघीण हलली नाही. मग शेजारच्या डब्याचं झाकण हळूच उघडल्याचा आवाज आला.