नौतप्यातला ताप

मित्रांनो, मी एक जुना थर्मामीटर आहे, काचेचा आणि पाऱ्याचा. गुढ़ियारी नावाच्या वस्तीत सुशील आणि विनोदिनी यांच्या घरी, भिंतीतल्या कपाटात राहतो. मी घडलो तेव्हा मला एकच शिस्त लावली गेली: पारा एकदा चढला की झटकल्याशिवाय उतरायचा नाही. थंडीतल्या खोकल्यात, पावसाळ्यातल्या मलेरियात माझं फार कौतुक झालं. उन्हाळ्यात मात्र कोणी विचारत नाही. नौतप्यात, म्हणजे वर्षातल्या सर्वांत कडक नऊ दिवसांत, कपाटातली हवाच तापलेल्या माणसाहून गरम असते.

यंदा त्याच दिवसांत त्यांच्या अकरा वर्षांच्या मुलीचं, गंधालीचं पोट दुखू लागलं. सकाळी बेंबीभोवती दुखत होतं. ती जेवली नाही, दोनदा ओकली.

"लू लागली पोट्टीले, ऊन बाधलं," तिचे बाबा, सुशील, म्हणाले. त्यांनी तिच्या तळव्यांना कांदा चोळला, कैरीचं पन्हं पाजलं. मग मला बाहेर काढलं. मी आधीच एकशे सातवर होतो.

"हा तर कपाटातच तापून राहिला! आधी याले सलाईन लावा," असं म्हणत त्यांनी मला परत ठेवलं.

मला हसू आलं नाही. मला फक्त चढता येतं, आणि आज माझ्या चढण्यावर कोणाचा विश्वास नव्हता.

दुपारी गंधाली वाकून चालू लागली. "मम्मी, अब इधर दुख रहा है," म्हणत तिनं पोटाच्या उजव्या बाजूला, खाली हात ठेवला.

"अहो, लू अशी जागा बदलते का?" विनोदिनीनं विचारलं.

"काहून घाबरून राहिली? संध्याकाळी ऊन उतरलं की बरी होईल."

"हव, अन् नाही झाली तर?"

तिनं मला माठाच्या पाण्यात बुडवलं, झटकलं आणि गंधालीच्या जिभेखाली ठेवलं. दोन मिनिटं मी जीव मुठीत धरून होतो. बाहेर काढल्यावर क्षणभर उशीर झाला तरी खोलीची उष्णता माझ्यात शिरणार होती. विनोदिनीनं लगेच वाचलं. एकशे एक.

"पुन्हा लाव," बाबांचा आवाज बदलला होता.

पुन्हा माठ, पुन्हा एकशे एक. बाबांनी गाडीची किल्ली उचलली.

विनोदिनीच्या पर्समधून मी दवाखान्यात सगळं ऐकलं. डॉक्टर शर्मिष्ठा म्हणाल्या, "अपेंडिक्स सुजलंय. अजून फुटलेलं नाही, पण आत्ताच काढावं लागेल."

"गर्मीनं झालं का, मॅडम?" बाबांनी विचारलं.

"उन्हाळ्यात असे पेशंट थोडे जास्त येतात. बऱ्याच देशांत तसं दिसलंय, पण कारण पक्कं ठाऊक नाही. थंडीतही होतंच. मात्र उन्हाळ्यात लोक लू समजून घरी थांबतात, अन् उशिरा येतात."

ऑपरेशन लगेच झालं. गंधाली वाचली.

मित्रांनो, मला जपून हाताळा, माझा पारा विषारी आहे. उन्हाळ्यात मला आधी थंड करा, मग विचारा. आणि कोणी पोट धरून बसलं, तर कुठे दुखतं ते पुन्हा पुन्हा विचारा. ऊन सगळ्यांनाच लागतं. पण त्यातल्या एखाद्याचं दुखणं वेगळं असतं, आणि त्याला संध्याकाळपर्यंत थांबायला वेळ नसतो.