हिरव्या पट्ट्यावरचा निळा कंदील

मित्रांनो, मी एक जुना बिल्ला आहे. पोलिसाच्या छातीवरचा नव्हे, हमालाच्या दंडावरचा तर नव्हेच. मी हौसेचा बिल्ला. अंगठ्याच्या पेराएवढा, पुढून रंगीत, मागे एक टोचरी दांडी आणि त्या दांडीवर रबराची टोपी. टोपी सुटली की मी पडलो, आणि पडलो की कुणाच्या तरी बुटाखाली गेलो. असल्या आधारावर ज्याचा जीव टांगलेला, त्याला निवांत झोप कुठून लागणार? तुम्हांला गोड गोष्ट हवी असेल तर एखाद्या बाहुलीला विचारा. मी टोचतो.

माझा जन्म चीनमधल्या एका कारखान्यात झाला. पत्र्यावर ठशाचा दणका बसला आणि मला रूप आलं: चोचीत कंदील धरलेला पेलिकन. फ्लोरिडातल्या 'लँटर्न बे' नावाच्या मोठ्या करमणूक बागेचा हा मानाचा पक्षी. मग एका बाईनं बारीक नळीनं माझ्या खाचांत रंग भरला. सकाळपासून संध्याकाळपर्यंत तिचं हेच काम, मान वर करायला फुरसत नाही. कंदिलात पिवळा भरायचा, तो तिनं एका ताटातल्या सगळ्या बिल्ल्यांत निळा भरला. तपासनीस खेकसला आणि ताट भंगारात ओतलं. मी तेवढा कडेवरून घसरून चांगल्या मालात पडलो. माझी सारी भावंडं वितळली, मी वाचलो. यात माझी कर्तबगारी शून्य. पुढे ज्यांनी मला 'दुर्मीळ, दुर्मीळ' म्हणून डोक्यावर घेतलं, त्यांतल्या एकानंही त्या बाईच्या दुखऱ्या डोळ्यांची चौकशी केली नाही.

बागेत आलो आणि माझी वणवण सुरू झाली. तिथली रीत अशी: झाडूवाल्यांपासून पाळणे फिरवणाऱ्यांपर्यंत बरेच कामगार गळ्यात पट्टा घालतात आणि पट्ट्यावर बिल्ले टोचतात. पाहुण्यानं समोर जाऊन विचारायचं, "बदलणार का?" आपला एक द्यायचा, त्यांचा एक घ्यायचा. कामगारानं नाही म्हणायचं नाही. पट्टा हिरवा असला तर तो फक्त बारा वर्षांच्या आतल्या पोरांसाठी. मोठ्यांनी त्याच्याकडे बघून फक्त जळायचं. आणि सगळ्यांत पक्का नियम म्हणजे बिल्ला ज्याचा, त्यानंच तो आपल्या हातानं काढून द्यायचा. दुसऱ्याच्या पट्ट्याला हात लावायचा नाही.

मी किती पट्टे फिरलो, त्याची मोजदाद नाही. आज सकाळी आइस्क्रीमवाल्याच्या छातीवर, दुपारी मिशिगनच्या पोरीच्या टोपीवर, संध्याकाळी पुन्हा तिसऱ्याच कुणाकडे. कौतुक झालं, तेही भरपूर. "अगंबाई, निळा कंदील!" असं म्हणेपर्यंत मी पुढच्या हातात. मग एका संग्राहकानं मला वहीत घातलं. प्लॅस्टिकच्या पानाआड, अंधारात, किती वर्षं कोण जाणे. त्याला माझ्याकडे बघायचंही नव्हतं, फक्त मी दुसऱ्याकडे नाही एवढंच त्याला हवं होतं. असल्या प्रेमावर थुंकावंसं वाटतं. तो वारल्यावर बायकोनं ती वही अंगणात मांडून कवडीमोलानं फुंकून टाकली आणि मी फिरत फिरत पुन्हा बागेत आलो. आलो तो थेट मिस इव्हॉनच्या हिरव्या पट्ट्यावर.

मिस इव्हॉन म्हणजे बागेतली झाडूवाली. साठीची, ठेंगणी, आवाज बस अड्ड्यावरच्या भोंग्यासारखा. तिथंच मला टेव्ही भेटली.

टेव्हीचं खरं नाव ऑक्टेव्हिया. वय आठ. जॉर्जियातल्या मेकन गावाहून बापाबरोबर आणि लुरीन आत्याबरोबर गाडीनं आली होती. बाप रॉस्को शाळेच्या बस दुरुस्त करणारा. वर्षातून एकदा सुट्टी मिळायची, तीही चार दिवसांची. तळलेली कोंबडी चांदीच्या कागदात, उकडलेल्या शेंगांची पिशवी मांडीवर, असा त्यांचा प्रवास. हे सगळं मला आत्याच्या अखंड बडबडीतून कळलं. तिच्या बडबडीतून आणखीही एक कळलं. टेव्ही घराबाहेरच्या कुणाशीही बोलत नव्हती. वर्गात मोठ्यानं वाचताना अडखळली, पोरं हसली, बाईही हसल्या. तेव्हापासून वर्षभर शाळेत एक शब्द नाही. सुट्टी संपल्यावर तिला मागे पडलेल्या मुलांच्या वेगळ्या वर्गात बसवायचं, असं मुख्याध्यापकांनी पत्रानं कळवलं होतं. पोरगी हुशार होती, तरीही. ते पत्र खोटं पाडायला लुरीन आत्या हात धुऊन मागे लागली होती.

"तिला बिल्ले घेऊन देते," आत्या म्हणाली. "बिल्ला हवा तर विचारायला लागतं. विचारायचं म्हणजे तोंड उघडायला लागतं."

"आणि नाही उघडलं तर?" रॉस्को म्हणाला.

"तर तुझ्या गळ्यात अडकवीन सगळे. बैलासारखा मिरव."

तिनं टेव्हीला नवा पट्टा घेतला, त्यावर साधे पाच बिल्ले टोचले आणि तिला मिस इव्हॉनसमोर उभं केलं. पोरीची नजर माझ्यावर खिळली. निळ्या कंदिलावर. तिनं बोट दाखवलं.

"बोटाला जीभ नसते, राणी," मिस इव्हॉन म्हणाली. झाडू भिंतीला टेकवला आणि खाली बसली. गुडघे कटकन वाजले. "मी म्हातारी आहे, खाली बसले की लवकर उठत नाही. तेव्हा सावकाश होऊ दे."

मागे रांग लागली. एक माणूस घड्याळ बघत फुरफुरला. "अहो, पोरगी मुकी आहे का?"

"तुम्ही बहिरे आहात का?" मिस इव्हॉन वळून म्हणाली. "विचारतेय ती. थांबा."

मी पट्ट्यावर नुसता तळमळत होतो. बोल, पोरी. अगं बोल. आणि मग ओठांतल्या ओठांत, माशी गुणगुणावी तसं आलं, "ब... बदलणार का?"

"बदलणार म्हणजे? कधीची वाट बघतेय!"

टेव्हीनं आपला एक काढून दिला. मिस इव्हॉननं मला काढलं आणि तिच्या तळहातावर ठेवलं. लुरीन आत्या मागे वळून भिंतीकडे बघत डोळे पुसू लागली. मित्रांनो, इतक्या वर्षांत मला पुष्कळांनी घेतलं होतं. असं दोन्ही हातांनी झाकून कुणी धरलं नव्हतं.

ते सुख दीड तास टिकलं.

दुपारी आत्या सरबताच्या रांगेत, बाप टेबलावर डोकं टेकून घोरत. बागेच्या त्या कोपऱ्यात जुने अदलाबदलवाले टेबलं अडवून बसतात, जाडजूड वह्या उघडून. त्यांतला एक होलिस. पन्नाशीचा, गोरा, टोपीवरसुद्धा बिल्ले. हिरव्या पट्ट्यावर मी लटकतोय हे त्यानं सकाळीच हेरलं होतं. मोठ्यांना तिथून घेता येत नाही, म्हणून तो कुठल्या पोराच्या हाती मी लागतो याची वाट बघत होता. असली माणसं सगळ्या जगात असतात. पोरांसाठी राखलेली जागा दिसली की त्यांना खाज सुटते.

"काय सुंदर पट्टा गं तुझा!" तो टेव्हीसमोर वाकला. "हा निळा जुनाट झालाय बघ. मी तुला दहा देतो. दहा! चकचकीत, नवेकोरे. चालेल ना?"

टेव्ही गप्प. ओठ घट्ट मिटलेले, हात पट्ट्यावर.

"चालेल. शहाणी मुलगी," तो स्वतःच म्हणाला आणि तिची बोटं हळूच बाजूला करून त्यानंच मला काढलं. दहा बिल्ले तिच्या ओंजळीत ओतले. मी तिच्या तोंडाकडे बघत होतो. ओठ हलले, आवाज आला नाही. होलिसनं वही मिटली. पुन्हा तोच प्लॅस्टिकचा वास, पुन्हा तोच अंधार. माझी दांडी त्याच्या बोटात घुसवता आली असती तर मी हाडापर्यंत घुसवली असती.

पुढचं मला नंतर कळलं, अर्थात आत्याच्याच तोंडून. टेव्हीनं कुणाला काही सांगितलं नाही. रात्री जेवली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं पट्टा काढून आत्याच्या पिशवीत कोंबला. आत्यानं पाहिलं, तर निळा कंदील गायब आणि दहा उपरे आत. "हे कुठून आले?" उत्तर नाही. आत्यानं तिला धरून मिस इव्हॉनकडे नेलं. मिस इव्हॉननं एकेक बिल्ला उलटा केला, कडेवरून नख फिरवलं.

"कडा खरखरीत लागतेय. मागचा ठसाही पुसट. नकली माल आहे, दहाच्या दहा. कुणी दिले, राणी?"

टेव्हीनं टेबलाशी बसलेल्या होलिसकडे बोट दाखवलं.

"त्याची टोपीच उतरवते," म्हणत आत्या निघाली. मिस इव्हॉननं झाडू आडवा घातला.

"तुम्ही भांडलात तर बिल्ला मिळेल, बाई. पोरीला काय मिळेल?"

"तिला नाही जमायचं हो! उद्या घरी निघायचंय आम्हाला. ती पुन्हा तशीच गप्प झाली तर तिचं सगळं वर्ष..." आत्या म्हणाली.

"माझा मुलगा दहा वर्षांचा होईपर्यंत बोलला नव्हता. आता बोलतो तर ऐकवत नाही," मिस इव्हॉन म्हणाली. "तिच्यामागे उभ्या राहा. पुढे नको."

वही उघडी होती, मी पानावर होतो, म्हणून पुढचं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. टेव्ही आली. तिनं दहा बिल्ले टेबलावर ठेवले. मागे आत्या, तिच्यामागे नुकताच जागा झालेला रॉस्को, शर्ट उलटा.

होलिस हसला. "काय गं, आणखी हवेत?"

टेव्ही उभी. ती मागे सरली नाही. एक मिनिट गेलं. बाजूच्या टेबलावरच्यांनी माना वळवल्या. आत्यानं स्वतःचा ओठ चावून धरला. मला तर वाटलं, माझा रंग तडकतोय.

"मी..." टेव्ही म्हणाली. थांबली. "मी ह... हो म्हटलं नव्हतं."

"अगं, पण नाही तरी कुठं म्हणालीस? सौदा झाला की झाला. विचार इथं कुणालाही."

"विचारतेच," शेजारच्या टेबलावरची एक म्हातारी म्हणाली. ती जाडसर चष्म्याची बाई तिथं सगळ्यांत जुनी, होलिसही तिला 'मॅम' म्हणे. "बाळा, बिल्ला तुझ्या पट्ट्यावरून काढला कुणी? तू?"

टेव्हीनं मान हलवली. मग तिला कळलं की मान पुरणार नाही.

"त्यांनी," ती म्हणाली. मोठ्यानं. कोपऱ्यातल्या सगळ्यांना ऐकू गेलं. "त्यांनी काढला. माझा हात ब-बाजूला करून."

दुसऱ्याच्या पट्ट्याला हात! तोही लेकराच्या! एका माणसानं आपली वही मिटली आणि खुर्ची होलिसपासून लांब ओढली. दुसऱ्यानं ओढली. म्हातारी नुसती बघत राहिली, चष्म्यावरून.

"मॅम, गैरसमज झाला हो..."

"होलिस, तू काढ तो बिल्ला. आणि उद्यापासून दुसरी बाग शोध."

त्यानं मला काढलं. टेव्हीनं तळहात पुढे केला. रॉस्को मागून इतका मोठ्यानं "हाहा!" करून ओरडला की दोन कबुतरं उडाली.

"गप रे," आत्या म्हणाली, "शर्ट सरळ कर आधी." आणि स्वतःच रडायला लागली.

आता तुम्ही म्हणाल, मग टेव्हीनं मला जन्मभर जिवापाड जपलं. मलाही तसंच वाटलं होतं. पण शेवटच्या दिवशी दुपारपर्यंत पोरगी बागभर सुटली होती. अडखळत होती, पण थांबत नव्हती. पाळणेवाला, पॉपकॉर्नवाली, टेनेसीची जुळी, कुणाला सोडलं नाही. आणि निघायच्या अर्धा तास आधी तिनं मला, या दुर्मीळ निळ्या कंदिलाला, दूरच्या डुलूथ गावच्या एका मुलीच्या टवका उडालेल्या कासवाच्या बिल्ल्याच्या बदल्यात देऊन टाकलं! का, तर कासवाचं तोंड तिच्या बापासारखं दिसत होतं म्हणून. मी संतापलो. त्या क्षणी मी त्या वहीवाल्यांपैकीच एक झालो होतो, माझी किंमत मोजत बसलेला. त्या मुलीला ती सांगत होती, "याचा कं-कंदील निळा आहे, कारण रंग भरणारी दमली असेल." इतक्या वर्षांत हे कुणाला सुचलं होतं? मग मी गप्प बसलो.

त्या वेगळ्या वर्गाचं काय झालं, मला माहीत नाही. मी तिच्याबरोबर गेलो नाही. माझ्यासारख्याला कुठल्याही गोष्टीचा शेवट बघायला मिळत नाही, हेच माझं दुखणं. सध्या मी डुलूथच्या त्या मुलीच्या दप्तरावर आहे. बस हलते तसा हलतो.

मित्रांनो, मला पुसा, जपा, उन्हात टाकू नका, असं सांगायला मी बोललो नाही. मी पत्रा आहे, माझं चालून जाईल. पण कुठलं मूल तुमच्यासमोर गप्प उभं असलं, तर त्याच्या गप्प राहण्यातून स्वतःच्या सोयीचा 'हो' काढू नका. विचारा आणि थांबा. मागे रांग लागली तर लागू द्या. आणि ते बोलेपर्यंत आपला हात आपल्या खिशात ठेवा.