दोरीवरचा टॉवेल

सौदामिनीचा हुंदका इतका मोठा होता, की पुढच्या रांगेतल्या बाईनं मागं वळून पाहिलं. माधवराव पार ओशाळले. पडद्यावर कुणी मेलं नव्हतं, कुणाचा साधा आवाजही चढला नव्हता. परगावी नोकरी करणारा नवरा सुट्टीला घरी आला होता. बायकोनं टॉवेल पुढं केला. तो म्हणाला, "असू दे, मी आणलाय," आणि त्यानं पिशवीतून स्वतःचा टॉवेल काढला. बायकोनं हातातला टॉवेल घडी न मोडता पुन्हा कपाटात ठेवून दिला. एवढंच. आणि एवढ्यावर सौदामिनी पदर तोंडाशी धरून गदगदून रडत होती.

"का रडायलीस?" ते कुजबुजले. "काय झालं?"

त्यांनी खिशातला रुमाल पुढं केला, तो तिनं घेतला नाही.

सिनेमाची हौस दोघांनाही नव्हती. धाकट्या मुग्धाचा सराव पेपर चालू होता आणि लातूरच्या त्या एका खोलीत पेपर चालू असताना खोकायचीही चोरी. म्हणून आईबापांना बाहेर काढण्यात आलं होतं. आधी थोरल्या अनयच्या क्लाससाठी आणि त्याच्या पाठोपाठ मुग्धासाठी, अशी चार वर्षं सौदामिनी लातुरात राहत होती. अनय आता नांदेडला डॉक्टरकी शिकत होता. माधवराव देगलूरला शाळेवर. डबा लावून जेवायचे आणि सवड मिळेल त्या रविवारी इकडं यायचे. आता मुग्धाची परीक्षा तोंडावर आली होती. ती झाली की खोली सोडायची, संसार पुन्हा एका जागी आणायचा. घराला रंग देऊन झाला होता. सामान बांधायला आज त्यांनी सुतळीचं बंडलही आणलं होतं. खोली कधी सोडायची, तेवढं सौदामिनीकडून वदवून घ्यायचं बाकी होतं, आणि नेमकं तेच ती बोलत नव्हती.

परतताना रिक्षात त्यांनी वातावरण हलकं करायचा प्रयत्न केला.

"इतकी तर तू पाठवणीलासुद्धा रडली नव्हतीस."

सौदामिनी रस्त्याकडं बघत होती. तिकडंच बघत म्हणाली, "भूकंपात आपण माझ्या माहेरी होतो. घराबाहेर पळालो तेव्हा तुमच्या हातात काय होतं, आठवतंय?"

"टॉवेल!" माधवराव हसले. "सगळा संसार आत आणि मी टॉवेल घेऊन रस्त्यावर. तुझे वडील किती दिवस चिडवायचे."

"घरात जायला सगळे भ्यायचे. कितीतरी दिवस आपल्या दोघांना तेवढाच होता."

"हाव की," ते म्हणाले, आणि रिक्षावाल्याला वळण सांगायला लागले.

खोलीवर पोचल्यावर मुग्धानं मान वर न करता "चहा मलापण" म्हटलं. माधवरावांनी बादलीतलं पाणी जपून घेऊन तोंडावर मारलं, ओल्या हातानंच पिशवीची चेन उघडली, टॉवेल बाहेर ओढला. आणि हात तिथंच थांबला.

किती वर्षं ते असाच टॉवेल आणत होते! लातुरात पाण्याची बोंब, आपल्यापायी तिला एक धुणं जास्त नको, एवढाच विचार. त्या विचाराचं त्यांना मनातून कौतुकही होतं. पहिल्या पहिल्यांदा ती खुर्चीवर धुतलेला टॉवेल काढून ठेवायची. मग कधीतरी ठेवेनाशी झाली. कधी, ते त्यांच्या ध्यानातही आलं नव्हतं. त्यांना स्वतःचा विलक्षण राग आला.

सौदामिनी पाठमोरी उभी राहून चहा गाळत होती.

त्यांनी तोंड पुसलं. टॉवेल पिशवीत न कोंबता दोरीवर, सौदामिनीच्या आणि मुग्धाच्या टॉवेलांच्या मधोमध वाळत घातला. सुतळीचं बंडल फळीवर दिसेलसं ठेवलं.

"परीक्षा झाली की टेम्पो आणतो," ते म्हणाले. "कोणता दिवस सांगू?"

"चहा घ्या," सौदामिनी म्हणाली. "बस चुकेल."

बसमध्ये खिडकीची जागा मिळाली. माधवरावांना हलकं वाटत होतं. टॉवेल तिथं होता, म्हणजे त्यांचं काहीतरी तिथं होतं. तेवढ्यात गर्दीतून सौदामिनी लगबगीनं येताना दिसली आणि त्यांचं मन एकदम भरून आलं. इतक्या वर्षांत ती स्टँडवर कधी आली नव्हती. त्यांनी काच सरकवली, हात बाहेर काढून हलवला.

तिनं धापा टाकत एक पिशवी खिडकीतून आत दिली. आत टॉवेलची नीट घडी होती आणि वर सुतळीचं बंडल.

"हे राहिलं होतं."

"राहिलं नव्हतं," माधवराव म्हणाले. "मी ठेवलं होतं."

"कळलं मला."

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर त्यांना बोलता आलं असतं.

"मुग्धाचं झालं तरी खोली मी सोडणार नाही," ती म्हणाली. "शेजारच्या होस्टेलात मुलींवर लक्ष ठेवायचं काम आहे. मी हो म्हणून बसले. तुम्हाला आज सांगणारच होते, पण सिनेमातच जीव घाबरा झाला."

ड्रायव्हरनं गाडी सुरू केली. सौदामिनी दोन पावलं मागं सरली.

"पोचल्यावर फोन करा," ती दर वेळेसारखं म्हणाली.

बस स्टँडाबाहेर पडली. माधवरावांनी पिशवी मांडीवर घेतली. टॉवेल अजून ओलाच होता, पँटला त्याचा गारवा लागत होता. शेजारच्या फेटेवाल्या म्हाताऱ्यानं त्यांच्याकडं जरा वेळ बघितलं. मग बोलायला म्हणून विचारलं,

"पाहुण्याकडं आलता का, गुरुजी?"

माधवरावांनी घडीवरून हात फिरवला.

"हाव," ते म्हणाले.